वाडगे उसने देणारा खडक

नागोयाच्या ईशान्येला तासाभराच्या अंतरावर डोंगर सुरू होतात. त्या डोंगरांत शिरणाऱ्या एका अरुंद रस्त्यावर दर मंगळवारी आणि शुक्रवारी, साडेदहाच्या सुमाराला, एक छोटी पांढरी व्हॅन दिसते. व्हॅनमध्ये जेवणाचे डबे असतात, आणि ते पोचवणारी बाई सातारा जिल्ह्यातली आहे. तिचं नाव स्वरूपा.

स्वरूपाचा नवरा विजयकुमार मोटारींचे गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. तीन वर्षांच्या पोस्टिंगवर म्हणून ते नागोयाला आले, त्याला आता चौदा वर्षं झाली. मुलगी ओजस्वी तेव्हा तीन वर्षांची होती. आता ती आईच्या मराठी प्रश्नांना जपानीत उत्तरं देते, आणि दोघींनाही त्याचं काही वाटेनासं झालंय. स्वरूपा पुण्यात एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात होती. इथं आल्यावर पहिली दोन वर्षं ती घरातच बसून होती. जपानी ती शिकली ती कचऱ्याच्या पिशव्यांपाशी. कुठल्या वारी काय टाकायचं, बाटलीचं झाकण वेगळं का काढायचं, हे विचारता विचारता शेजारणींशी बोलणं वाढलं आणि भाषा जिभेवर बसली. चौकशा करायची खोड तिला लहानपणापासूनच होती.

पुढे तिने गाडीचा परवाना काढला आणि एका संस्थेत पार्टटाइम काम धरलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दुपारचं जेवण पोचवायचं काम. डबा देणं हे त्यातलं निम्मं. उरलेलं निम्मं म्हणजे माणूस बरा आहे ना, काल दिलेला डबा रिकामा आहे ना, बोलताना जीभ अडखळत नाही ना, हे बघणं. दारात डबा ठेवून निघून यायचं नाही, हातात द्यायचा, असा संस्थेचा नियम. हा नियम स्वरूपासारखीला फार सोयीचा होता.

तिच्या फेरीतलं शेवटचं गाव तोचिबारा. पंचवीसेक घरं, त्यांतली दहा-बारा बंद. तिथे सात डबे असत. गावात शिरायच्या आधी उजव्या हाताला बांबूचं बन आणि बनाच्या वरच्या अंगाला प्रचंड दगडांची एक रास. भिंतीसारखे उभे दगड, आणि त्यांच्यावर आडवा टाकलेला एक सपाट दगड, तो तिच्या व्हॅनएवढा सहज असेल. मधे गुहेसारखं तोंड, त्याला भाताच्या पेंढ्याचा जाड दोर बांधलेला. खाली पालिकेची पाटी होती, तिच्यावर लिहिलं होतं की हे चौदाशे वर्षांपूर्वीच्या कुणा स्थानिक प्रमुखाचं थडगं असून वरची माती वाहून गेल्याने आतली दगडी खोली उघडी पडली आहे. पाटी एवढंच सांगत होती. तो दोर कुणी बांधला आणि का, याबद्दल तिच्यावर चकार शब्द नव्हता.

मागच्या वर्षीच्या जून महिन्यात स्वरूपाने ते ओकुदा-सानना विचारलं. 'सान' म्हणजे आपल्याकडचं राव किंवा बाई. ओकुदा-सान अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गावच्या मंडळाचे अध्यक्ष. बायको गेल्यापासून डबा घेत होते. पूर्वी गावातलं एकमेव दुकान त्यांच्या घरचं होतं.

"दोर आम्हीच बांधतो, दर डिसेंबरात नवा," ते म्हणाले. "पूर्वी तो खडक वाडगे उसने द्यायचा ना."

"वाडगे?"

"लाखेचे. गावात लग्न असलं, तेरावं-चौदावं असलं, की घरात एवढी भांडी कुठून आणायची? मग आदल्या दिवशी त्या तोंडापाशी जाऊन सांगायचं, वीस माणसं आहेत, वीस वाडगे हवेत. सकाळी वीस वाडगे दारात मांडलेले. काम झालं की धुऊन परत नेऊन ठेवायचे. अशी रीत होती."

"आणि मग एकाने एक परत केला नाही, आणि सगळं बंद झालं," स्वरूपा म्हणाली.

ओकुदा-सान डबा हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आमच्या आजोळी असाच एक डोह आहे."

त्यावर त्यांनी तिला ओसरीवर बसायला सांगितलं. गेल्या दोन वर्षांत त्यांनी तसं कधी म्हटलं नव्हतं. डोहाची गोष्ट त्यांनी नीट ऐकून घेतली. मग स्वरूपाने विचारलं, "इथला तो एक वाडगा कुणी ठेवून घेतला?"

"ते बोलायचं नसतं," ओकुदा-सान म्हणाले. पण म्हणताना त्यांची हनुवटी किंचित वर झाली, रस्त्याच्या शेवटच्या घराच्या दिशेने. ते घर हात्सुए मिझुनो-सान यांचं होतं. तिथला डबा अजून द्यायचा राहिला होता.

त्या रविवारी सकाळी स्वरूपाने नीलकंठमामांना फोन लावला. मामा अजून खडकवडीलाच राहतात, वाईच्या पलीकडे. नदीच्या वळणावर तिथे एक खोल डोह आहे, त्याला भांड्यांचा डोह म्हणतात. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी काठावर विडा ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं आणि काय काय हवं ते मोठ्याने सांगायचं. सकाळी काठावर पातेली, पराती, तपेली रचून ठेवलेली असायची. लहानपणी स्वरूपा त्या डोहात डोकावून बघायची, तळाशी काही चमकतंय का म्हणून.

"मामा, आपल्या डोहातलं भांडं कुणी ठेवून घेतलं होतं हो?"

"आता हे काय मधेच? जपानात बसून डोह आठवला?"

तिने खडकाचं सांगितलं. मामा हसले. "म्हणजे तिकडचे लोकही आपल्यासारखेच. हे बघ, शिंदे म्हणतात जगतापांनी ठेवलं. जगताप म्हणतात शिंद्यांनी. मोठी परात होती म्हणतात, तांब्याची."

"आणि आपल्या घरी काय म्हणतात?"

मामा जरा वेळ बोलले नाहीत. "तू तुझ्या आईला कधी विचारलंस?"

"नाही."

"मग नकोच विचारू," मामा म्हणाले, आणि ओजस्वीची परीक्षा कधी आहे ते विचारू लागले.

फोन ठेवल्यावर स्वरूपा बराच वेळ विचार करत बसली. समुद्रापलीकडच्या दोन गावांना हीच गोष्ट कशी सुचली असेल? कुणी कुणाला सांगितली असेल? की कुणीच कुणाला सांगितली नसेल, आणि भांडी कमी पडणं हेच सगळीकडे सारखं असेल? विजयकुमारला विचारलं तर तो म्हणाला, "अगं, एका घरात चाळीस ताटं कुणाकडे असतात? गोष्ट सुचणारच." हे उत्तर तिला पटलं, पण पुरलं नाही.

पुढच्या मंगळवारपासून तिने तोचिबारातल्या सातही घरी विचारायला सुरुवात केली. डब्यांच्या नोंदीची वही असते, तिच्या मागच्या पानांवर ती लिहून ठेवी. एका आजीच्या मते वाडगे द्यायची ती एक कोल्हीण. शेजारच्या आजोबांच्या मते आत एक भुयार आहे, ते थेट समुद्राखालच्या राजवाड्यापर्यंत जातं आणि वाडगे तिथून येत. तिसरीने सांगितलं की आत राहणारी बाई कुणी पाहिली नाही, पण वाडगे परत करताना आतून भात शिजल्याचा वास येई. वाडग्यांचा रंग बदलत होता, संख्या बदलत होती. एक गोष्ट मात्र बदलत नव्हती. वाडगा कुणी ठेवला असं विचारलं की सगळे थांबत, आणि मग कुणी हनुवटीने, कुणी नजरेने, दुसऱ्या एखाद्या घराकडे बोट दाखवावं तसं करीत. सगळ्यांची दिशा एकच नव्हती. हे स्वरूपाच्या वहीत उतरत गेलं, आणि तिची उत्सुकता आणखी वाढली.

"तू डबे देतेस की जनगणना करतेस?" विजयकुमार वही चाळत म्हणाला.

हात्सुए-सानना तिने सगळ्यांत शेवटी विचारलं. त्या एक्क्याण्णव वर्षांच्या, कमरेत वाकलेल्या, पण वर्तमानपत्र चष्म्याशिवाय वाचणाऱ्या. एरवी डबा घेताना त्या हवेपासून निवडणुकीपर्यंत कशावरही बोलत. खडकाचं नाव काढताच त्यांचा चेहरा मिटला.

"आमच्या घरी ती गोष्ट सांगत नाहीत," त्या म्हणाल्या आणि डबा घेऊन त्यांनी दार ओढलं.

त्यानंतर तीन आठवडे त्या दारातूनच डबा घेत, मान लववत, आणि आत जात. आपण आगाऊपणा केला हे स्वरूपाला कळून चुकलं. चौथ्या आठवड्यात तिने दारातच वाकून माफी मागितली. "मी नको ते विचारलं. चुकलंच माझं."

हात्सुए-साननी नेहमीसारखी मान लववली आणि दार ओढलं. पण ऑक्टोबरमधल्या एका शुक्रवारी त्यांनी तिला आत बोलावलं. बैठ्या टेबलावर निळ्या कापडात काहीतरी बांधून ठेवलं होतं. गाठ त्यांनी सावकाश सोडली. आत एक वाडगा होता, बाहेरून काळा, आतून शेंदरी. काठाशी लाख थोडी उडालेली. तळाला तीन पानांची एक खूण.

"मी लग्न होऊन आले तेव्हा एकवीस वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "पहिल्याच थंडीत सासूने हा मला दाखवला. म्हणाली, हा आपला नाही. हा परत द्यायचा राहिला. कुणाला सांगू नकोस, आणि फेकूही नकोस. एवढंच. मग कपाटात ठेवून दिला."

"तुम्ही कधी परत नेऊन ठेवला नाहीत?"

"कशी ठेवणार? इथे कोण कुठे जातं ते सगळ्यांना दिसतं. मी त्या बनात शिरले असते तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळलं असतं. म्हणजे आपणच कबूल केल्यासारखं." "सत्तर वर्षांत मी कुणाला एक भांडं उसनं दिलं नाही. कुणाकडून आणलंही नाही. कुणाला मीठ हवं असलं तर कागदात बांधून दिलं. वाटी दिली नाही. दिली असती आणि कुणी म्हणालं असतं, मिझुनोंच्या वाट्या, नीट मोजून घ्या, तर?"

"असं कुणी म्हणालं होतं का कधी?"

हात्सुए-साननी विचार केला. "नाही," त्या म्हणाल्या. "तोंडावर कुणी म्हणालं नाही."

मग त्यांनी खरं काम सांगितलं. त्यांना आता टेकाड चढवत नाही. मुलगा सेंदाईला असतो, त्याला हे माहीत नाही आणि सांगायचंही नाही. स्वरूपा बाहेरची. ती वर गेली तर लोक म्हणतील, परदेशी बाई फोटो काढायला गेली. "सुवारुपा-सान, एवढं करता का माझ्यासाठी?"

स्वरूपाला आधी वाटलं, हे संस्थेच्या नियमांत बसतं का? मग वाटलं, विचारायचं तरी कुणाला आणि काय म्हणून? तिने वाडगा पुन्हा निळ्या कापडात बांधला आणि रिकाम्या डब्यांच्या पिशवीत ठेवला.

व्हॅन बनाखाली लावून ती वर चढली. दोराखालून वाकून आत जावं लागलं. पहिली सहा-सात पावलं जवळजवळ रांगतच, मग एकदम उभं राहता येईल एवढी खोली. आत गारवा होता, आणि कुठेतरी पाणी ठिबकत होतं. फोनच्या उजेडात भिंतीवर लांब पायांचे किडे हलले. ती दचकली, पण मागे फिरली नाही. मागच्या भिंतीशी एक सपाट दगड होता. त्यावर तिने वाडगा ठेवला. काय म्हणायचं ते तिला सुचेना. शेवटी ती मराठीत हळूच म्हणाली, "परत आणलाय. उशीर झाला." आणि स्वतःच्याच आवाजाने तिला थोडं ओशाळल्यासारखं झालं.

निघताना तिने उजेड एकदा चारी बाजूंनी फिरवला. कोपऱ्यात दोन दगड एकमेकांवर रेलले होते आणि मधे हातभर खोल फट होती. फटीत काहीतरी चौकोनी होतं. ती गुडघ्यांवर बसली. तो पत्र्याचा एक मोठा डबा होता, बिस्किटांचा असतो तसा, झाकणावर लाल करकोचा. झाकणाला गंज चढला होता, पण ते निघालं. आत फडक्यात गुंडाळलेला लाखेचा वाडगा होता.

डब्याच्या मागे आणखी एक पुडकं होतं. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, त्यांच्या आत वर्तमानपत्र. पिशवीतून तारीख वाचता येत होती, जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वीची. बोटांनी चाचपल्यावर वाटोळा आकार लागला. त्यातही वाडगाच असणार.

स्वरूपा त्या थंड दगडावर बसूनच राहिली. मामा फोनवर का गप्प झाले ते तिला आता कळलं; आपल्याही घरी असंच काही असणार. तिने पुडकं उघडलं नाही. डब्याचं झाकण लावलं, दोन फोटो काढले आणि बाहेर आली.

हे हात्सुए-सानना सांगावं की नाही, यावर तिने मंगळवारपर्यंत डोकं शिणवलं. ओजस्वीला विचारलं तर ती अभ्यासातून मान वर न करता जपानीत म्हणाली, "सांगितलं नाहीस तर त्या बिचाऱ्या आणखी सत्तर वर्षं तशाच राहतील." हिशेब चुकीचा होता, पण मुद्दा बरोबर होता.

मंगळवारी तिने फोटो दाखवले. हात्सुए-सान फोन नाकाशी नेऊन बघत राहिल्या.

"हा करकोचा," त्या म्हणाल्या. "हा डबा ओकुदांच्या दुकानातला आहे. भाताच्या कुरकुरीत चकत्या असायच्या याच्यात, सुट्या विकायचे. डबा विकायचा नव्हता. तो गल्ल्याशेजारी असायचा." त्यांनी फोन खाली ठेवला. "म्हणजे ओकुदा."

त्या चिडतील असं स्वरूपाला वाटलं होतं. त्यांनी चहा ओतला, स्वतःचा कप दोन्ही हातांत धरला आणि खिडकीतून बाहेर बघत बसल्या. जाताना म्हणाल्या, "शुक्रवारी त्यांचा डबा त्यांना देऊ नका. इथे घेऊन या. आणि त्यांना सांगा, मिझुनोंकडे जेवायला बोलावलंय."

शुक्रवारी ओकुदा-सान इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्या घरात ते किती वर्षांनी येत होते ते त्यांनाही आठवत नव्हतं. दोघांनी समोरासमोर बसून डबे उघडले. स्वरूपाने निघायची तयारी केली, तर हात्सुए-सान म्हणाल्या, "बसा. तुम्हीच तर हे उकरलंत."

मासा खाऊन झाल्यावर हात्सुए-साननी विचारलं, "तुमच्या दुकानातला तो करकोच्याचा डबा कुठे आहे हो?"

ओकुदा-साननी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. त्यांचे कान लाल झाले. दाराबाहेर कुणी आहे का असं त्यांनी एकदा बघितलं.

"आईने जाताना सांगितलं," ते म्हणाले. "मी आणि माझी बायको मिळून नेऊन ठेवला. बागेच्या कामाला चाललोय असं दाखवून, खुरपी घेऊन गेलो होतो. एकोणतीस वर्षं झाली."

"आणि लोकांना आमचं घर दाखवत होतात."

"हो." ते मान खाली घालून बसले. "आजोबा दाखवायचे, वडील दाखवायचे. तुमच्या घराकडे बघितलं की आमच्याकडे कुणी बघायचं नाही. मलाही तीच सवय लागली. या बाईंनाही मी जूनमध्ये तेच केलं."

"मी पाहिलं होतं," स्वरूपा म्हणाली.

ओकुदा-सान चटईला कपाळ टेकेपर्यंत वाकले. हात्सुए-साननी त्यांना लगेच उठा म्हटलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "आमचाही वाडगा तिथेच आहे. मागच्या आठवड्यापासून."

मग दोघेही तिसऱ्या, वर्तमानपत्रातल्या वाडग्याबद्दल बोलू लागले, आणि आधीचं अवघडलेपण हळूहळू कमी झालं. चाळीस वर्षांपूर्वी कोण कोण गावात होतं, कोण कोणतं वर्तमानपत्र घेई, अशी चर्चा तासभर चालली. स्वरूपाच्या व्हॅनमधले रिकामे डबे त्या दिवशी संस्थेत उशिरा पोचले.

वाडग्यांत खरा कुठला, म्हणजे खडकाने दिलेला कुठला, हे आता दोघांनाही जाणून घ्यायचं होतं. ओकुदा-साननी मंडळाच्या नावाने पालिकेच्या छोट्या संग्रहालयाला पत्र लिहिलं. तिथून मोरी-सान नावाची तिशीतली संशोधक आली. तिने हातमोजे घालून तिन्ही वाडगे बाहेर काढले, मंडळाच्या खोलीत पांढऱ्या कागदावर मांडले आणि भिंगातून बघितले. खोलीत त्या दिवशी चौदा माणसं होती. चालू शकणारं जवळजवळ सगळं गाव आलं होतं.

ओकुदांचा वाडगा दीड-दोनशे वर्षांचा असावा, मोरी-सान म्हणाली. मिझुनोंचा त्यानंतरचा, सव्वाशे वर्षांचा, किसो खोऱ्यातल्या कारागिरांच्या हातचा वाटतो, तिकडून फिरते विक्रेते यायचे. वर्तमानपत्रातला सगळ्यांत नवा, शंभरही पुरे नाहीत. "थडगं चौदाशे वर्षांपूर्वीचं आहे," ती जपून म्हणाली. "त्या काळातलं यांत काहीच नाही. वाडगे देणाऱ्या खडकाची गोष्ट देशात पुष्कळ ठिकाणी सांगतात. कुठे खडक, कुठे तळं, कुठे धबधब्याखालचा डोह."

पुढच्या रांगेतली माणसं वाडग्यांकडे वाकून बघू लागली.

"म्हणजे आमचा तो नाहीच?" हात्सुए-साननी विचारलं.

"तो कुठल्यातरी लग्नाला विकत आणलेला असावा, आजी."

"मग सासूने तो परत द्यायचा राहिला असं का म्हटलं?"

एखाद्या शेजाऱ्याचा राहिला असेल, मोरी-सान म्हणाली. उसना आणलेला, आणि द्यायचा विसरलेला. हात्सुए-सान तळाची खूण निरखत बसल्या. आपण चोर नव्हतो हे ऐकून त्यांना बरं वाटलं असावं. पण चेहऱ्यावर थोडी निराशाही होती, ती स्वरूपाला स्पष्ट दिसली. सत्तर वर्षं जपलेली वस्तू साध्या विसराळूपणाची निघाली होती. ओकुदा-सानही दोनदा म्हणाले, "पण आमचा सगळ्यांत जुना आहे ना?"

तळाच्या तीन पानांची खूण कुणाच्या घराची, हे त्याच खोलीत कळलं. मागच्या रांगेतल्या एका आजीने सांगितलं की ती रस्त्याच्या वळणावरच्या बंद घराची. ते कुटुंब वीस वर्षांपूर्वी ओसाकाला गेलं. वर्तमानपत्रातला वाडगाही त्यांनीच ठेवला असेल, असं काहींचं म्हणणं पडलं. ओकुदा-साननी ओसाकाला पत्र टाकलं, ते पत्ता सापडत नाही म्हणून परत आलं. हा भाग तसाच राहिला.

मोरी-सानने वाडगे संग्रहालयात ठेवायची तयारी दाखवली. ओकुदा-साननी आपला दिला, वर्तमानपत्रातलाही दिला. हात्सुए-साननी त्यांचा दिला नाही. त्या तो घरी घेऊन गेल्या, आणि आता त्यात रोज सकाळी मिसोचं, आंबवलेल्या सोयाबीनचं, सूप घेतात. लाख उडालेल्या बाजूने पितात, उलट्या बाजूने नाही. डिसेंबरात खडकाचा दोर बदलायच्या दिवशी दोर वळणाऱ्यांच्या जेवणासाठी ओकुदा-साननी त्यांच्याकडून बारा ताटल्या मागून नेल्या. हात्सुए-साननी त्या कपाटातून काढून, पुसून, दारात रचून ठेवल्या होत्या. त्यांच्या हाताला हे काम नवीन होतं, त्यामुळे रचलेल्या ताटल्या एकीकडे कलल्या होत्या.

खडकवडीच्या डोहाची गोष्ट मोरी-सानने मंडळाच्या खोलीतच ऐकली होती. तिने तेव्हाच वही काढली आणि स्वरूपाला तीनतीनदा विचारून लिहून घेतली. विडा म्हणजे काय, परात केवढी, सांगायचं मोठ्याने की मनात. फेब्रुवारीत संग्रहालयात एक छोटं भाषण ठेवलं. स्वरूपाने आदल्या आठवड्यात नीलकंठमामांना फोन करून परवानगी मागितली. मामा म्हणाले, "शिंद्यांचं नि जगतापांचं नाव घेऊ नकोस. आपलं घेतलंस तरी चालेल, तिथे कोण ओळखतंय." पण 'आपलं' म्हणजे नेमकं काय, हे त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही, आणि स्वरूपानेही विचारलं नाही.

भाषणाला तिसेक माणसं आली. विजयकुमार रजा घेऊन आला होता, ओजस्वी पहिल्या रांगेत बसून आईच्या जपानीतल्या चुका बोटांवर मोजत होती, असं तिनेच नंतर सांगितलं. हात्सुए-सान व्हीलचेअरवरून आल्या. स्वरूपाने डोह सांगितला, खडक सांगितला, आणि तोचिबाराच्या परवानगीने तिन्ही वाडगे सांगितले. लोक हसले. प्रश्न विचारा म्हटल्यावर एकच हात वर आला. कुणीतरी विचारलं, हत्तीवरून भांडी आणायचे का. नाही, ती म्हणाली, डोक्यावरून.

कार्यक्रम संपल्यावर ती व्हॅनपाशी आली, तर टाय लावलेला एक साठीतला माणूस तिची वाट बघत उभा होता. तो पलीकडच्या खोऱ्यातला होता. त्यांच्याकडेही एक खडक आहे, तो म्हणाला. तिथे वाडगे नाहीत, चहाच्या किटल्या मिळायच्या. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"एक विचारू का? ठेवून घेतलेलं भांडं परत केलं, तर तुमच्या त्या डोहाने ते घेतल्याचं कुणी पाहिलंय?"

"माहीत नाही," स्वरूपा म्हणाली. "कुणी परत करून बघितलंय असं वाटत नाही."

तो मान डोलावत उभा राहिला. मग म्हणाला, "माझी आई ब्याण्णव वर्षांची आहे. एकटीच असते. तुमची संस्था आमच्या खोऱ्यात डबे पोचवते का?"

तशी ती फेरी नव्हती. पण ऑफिसात विचारून बघते, असं म्हणत स्वरूपाने वहीच्या मागच्या पानावर त्याच्या आईचं नाव लिहून घेतलं.